प्राणहितेच्या खालच्या अंगाला

चंद्रपूरच्या पठाणपुरा दरवाजाबाहेर इरई आणि झरपट या दोन नद्या एकमेकींना भेटतात. तिथलं पाणी पुढे वर्धेत जातं, वर्धा चपराळ्याला वैनगंगेला मिळते आणि तिची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. मग पापीकोंडाच्या डोंगरांमधून वाट काढत राजमहेंद्री, धवलेश्वरम, आणि गौतमीच्या फाट्याने यानम. यानमपाशी समुद्र येतो. हे यानम १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं. पठाणपुऱ्याबाहेरचं पाणी भारत स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं एका फ्रेंच गावाला वळसा घालून समुद्राला मिळत होतं. हे मला नकाशावर बोट फिरवताना कळलं आणि तेव्हापासून या पाण्याच्या सोबतीने खाली जायचं मनात होतं.

शाळेत आपण प्लासी शिकतो, १७५७. मग वांदिवाश, १७६०. या दोहोंच्या मध्ये, १७५८च्या डिसेंबरात, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात इंग्रज आणि फ्रेंच यांची एक लढाई झाली. इंग्रजी कागदांत ती कोंडोरची लढाई, तेलुगू मुलखात चंदुर्तीची. चंदुर्ती आज आंध्रच्या काकिनाडा जिल्ह्यात गोल्लप्रोलूजवळ आहे. हिंदुस्थानात कोणते गोरे राहणार याचा निकाल वांदिवाशला लागला असं पुस्तकं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. तो निकाल चंदुर्तीला आणि चार महिन्यांनी मछलीपट्टणला लागला, वांदिवाशला त्याच्यावर शिक्का बसला. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत पुढे जे घडलं, त्याची पहिली कडी याच नदीच्या खालच्या अंगाला पडली.

फेब्रुवारी सरत आला होता. चंद्रपुरात ऊन आताच टोचत होतं. गोंड राजांचा परकोट शहराला अजून कवेत घेऊन उभा आहे: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. गेल्या काही वर्षांत इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी स्वतःच्या हातांनी या तटावरची झाडंझुडपं तोडली, माती-कचरा उपसला, बुरूज मोकळे केले. २०१७ साली त्यांनी हे काम हाती घेतलं. तटावरून आज चालता येतं ते त्यांच्यामुळे, आणि तिथून चालताना त्यांचे आभार मानल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आग्नेय बाजूला मी बराच वेळ थांबलो. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी याच बाजूला भगदाड पाडलं. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी चांद्याच्या, म्हणजे या चंद्रपूरच्याच, किल्लेदाराला लढत राहण्याचा निरोप दिला होता. दुसरा बाजीराव चांद्याकडे यायला निघाला होता, पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठून उधळून लावलं. मग अ‍ॅडम्स चांद्यावर आला. किल्लेदार गंगासिंगाकडे मदत येण्याची आशा उरली नव्हती, तरी त्याने किल्ला दिला नाही. २० मे रोजी इंग्रज भगदाडातून आत घुसले, गंगासिंग लढता लढता पडला आणि शहर लुटलं गेलं. मे महिन्यातलं चंद्रपूर ज्याने पाहिलंय त्याला त्या दिवसाची कल्पना करायला पुस्तक लागत नाही.

पण मला या तटावर सतत आठवत होते ते रघुजी भोसले, पहिले. १७५१ साली गोंड राजा नीलकंठशहाकडून चांदा पूर्णपणे घेतलं ते त्यांनी. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, १७४१ मध्ये, हेच रघुजी कर्नाटकात त्रिचनापल्ली घेऊन पाँडिचेरीच्या फ्रेंचांना दरडावत होते. तिथला सत्ताधारी चंदासाहेब याला त्यांनी पकडून साताऱ्याला पाठवलं होतं. त्याची बायकामुलं आणि जडजवाहीर पाँडिचेरीत दडवलेलं होतं, ते आमच्या हवाली करा, खंडणी द्या, असं रघुजींचं म्हणणं. फ्रेंच गव्हर्नर द्यूमाने नकार दिला आणि मराठी वकिलाला तटबंदी, तोफा, कवायती फौज सगळं हिंडून दाखवलं. रघुजी परत फिरले. एका मराठा सरदाराला परतवल्यामुळे फ्रेंचांचा दबदबा दक्षिणेत एकदम वाढला, आणि पुढे गव्हर्नर द्युप्ले आणि त्याचा सेनापती बुसी यांनी त्यावरच आपला डाव उभा केला. चांद्याच्या तटावर उभं राहून पाँडिचेरीचा तट आठवणं म्हणूनच मला दूरचं वाटत नाही. दोन्हीपाशी एकच माणूस उभा राहिलेला आहे.

भोसल्यांचा फ्रेंचांशी आणखी एक संबंध आला, तो कागदावर. १८०३ मध्ये अडगावला हरल्यावर देवगावच्या तहात इंग्रजांनी त्यांच्याकडून कटकचा किनारा घेतला, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख घेतला आणि एक कलम लिहून घेतलं: फ्रेंच माणूस किंवा इंग्रजांशी युद्ध असलेल्या कुठल्याही युरोपीय राष्ट्राचा माणूस नोकरीत ठेवायचा नाही. मछलीपट्टण पडून चव्वेचाळीस वर्षं झाली होती, तरी ती धास्ती गेलेली नव्हती. नेपोलियनचे दिवस होते, हेही खरं.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता धरला. बल्लारपूरला कागद कारखान्याचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. वर्धेकाठचा गोंडांचा किल्ला मात्र त्या वासापासून अलिप्त, नदीकडे तोंड करून बसलेला. नीलकंठशहाला भोसल्यांनी इथेच कैदेत ठेवलं होतं. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो, आणि सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल धुळीने माखलेली होती. पळस त्या धुळीतूनही फुललेला.

चपराळ्याच्या संगमावर दुपार झाली. डावीकडून वैनगंगा, उजवीकडून वर्धा. देवळाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, “बाबाजी, इथून पाणी कुठवर जातं?” ते म्हणाले, “कालेसरले जाते जी. तिथून मंग समुद्राले.” कालेसर म्हणजे सिरोंच्यापलीकडचं काळेश्वर. किती दिवसांत जातं, असं विचारल्यावर त्यांनी नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, “पावसाळ्यात लवकर जाते. आता तिले घाई नाही.”

हे पाणी थोडंथोडकं नाही. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. म्हणजे राजमहेंद्रीच्या खाली जो सुपीक भातमुलूख तयार झाला, त्यात विदर्भातल्या आणि या जंगलांतल्या गाळाचा मोठा वाटा. आणि फ्रेंचांची सगळी मदार त्या भातमुलखाच्या महसुलावर होती. ती कशी, ते सिरोंच्याला पोचल्यावर सांगतो, कारण ही गोष्ट नदीच्या बाजूने सांगितली तरच नीट कळते.

आलापल्लीचा साग मी पूर्वी पाहिला होता, तरी पुन्हा वनवैभवात जाऊन आलो. मान मोडेपर्यंत वर पाहावं लागतं अशी झाडं. या सागाच्या लोभाने किती जण इथवर आले!

अहेरीपासून प्राणहिता जवळ येते. चिंचगुंडी हे गाव नकाशावर शोधावं लागतं, पण १८५८च्या एप्रिलअखेर इथे जे घडलं त्याची दखल कलकत्त्यापर्यंत घ्यावी लागली. नागपूरचं राज्य १८५४ साली खालसा झालं होतं. मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके तेव्हा पंचविशीत होता. त्याने गोंड, माडिया, रोहिले तरुणांना जमवून जंगोम सेना उभारली, राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी झुंज दिली. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. २९ एप्रिलच्या रात्री त्यांच्या माणसांनी चिंचगुंडीला प्राणहितेकाठच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने क्रिक्टनला खबर दिली. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर इंग्रजांनी दबाव आणून बाबुरावला पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळाला फाशी दिली. त्या पिंपळापाशी दर वर्षी त्या दिवशी गोंड समाजाची माणसं गोळा होतात. मी तो दिवस पाहिलेला आहे. पिवळे झेंडे, ढोल, आणि नाव घेताना भरून येणारे आवाज.

तारयंत्रावर हल्ला का झाला, याचा मी चिंचगुंडीच्या काठावर विचार करत होतो. बाबुरावच्या लोकांना बरोबर कळलं होतं की बंदुकीपेक्षा ही तार घातक आहे. जंगलाचं सगळ्यात मोठं बळ अंतर होतं. खबर जायला आठवडे लागत, तोवर माणूस डोंगरात विरून जाई. तार ते अंतरच खाऊन टाकत होती.

तिथून खाली देवलमारी. नदीच्या पात्रात काळे खडक पसरलेले, पाणी त्यांच्या फटींतून वाट काढतं. हा गोदावरी जलमार्गाचा ‘तिसरा अडथळा’. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा हा. धवलेश्वरमचं धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटनच्या मनात होतं की समुद्रापासून आगबोटी गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशा थेट वर आणाव्यात आणि हिंगणघाटचा कापूस पाण्यावरून बंदरात उतरवावा. अमेरिकेत यादवी पेटली होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, म्हणून पैसाही मिळाला. हेग नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली मजुरांनी बंधारे, कालवे, दरवाजे यांवर वर्षानुवर्षं घाम गाळला. तापाने माणसं मरत होती. तोवर मुंबईहून नागपूरला रेल्वे पोचली आणि १८७१ साली काम थांबवण्यात आलं. देवलमारीचे खडक होते तिथेच आहेत. ज्या मजुरांचे जीव या खडकांपायी गेले त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत, आणि ही गोष्ट मला फार लागते.

हा मार्ग जिथे समुद्राला भिडणार होता ते कोरिंगा बंदर यानमला लागूनच आहे. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी फ्रेंचांकडून जो किनारा घेतला होता, त्याच्याकडे त्यांना आता आमचा कापूस वाहून न्यायचा होता.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा बाजार मिरचीने लाल झाला होता. इथे मराठी, तेलुगू, गोंडी एकाच वाक्यात ऐकू येतात. दुकानाच्या पाट्या दोन लिपींत. १८६० साली निजामाने हा मुलूख इंग्रजांना दिला आणि सिरोंचा ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचं ठाणं झालं. तिथला डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड, त्याच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव तालुक्यात आजही आहे. १८७४ मध्ये हा जिल्हा मोडला आणि सिरोंच्याचा भाग चांद्यात घातला. नदीकाठच्या इंग्रजी काळातल्या विश्रामगृहाच्या ओट्यावरून प्राणहितेचं रुंद, वाळूने भरलेलं पात्र दिसतं. मी वह्या उघडून तिथे बसलो.

तर ती लढाई. हैदराबादच्या दरबारात १७५१ पासून बुसी हा फ्रेंच सेनापती ठाण मांडून होता. सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर त्यानेच बसवलं होतं. मराठ्यांशीही तो लढला, आणि त्याच्या तोफांची शिस्त पाहून पेशव्यांनी आपल्याकडे तशी गारदी पलटण असावी हे मनावर घेतलं. पण बुसीच्या फौजेचा पगार कुठून यायचा? १७५३ मध्ये औरंगाबादेत त्याने सलाबतजंगाकडून चार किनारी सरकारांचा महसूल लिहून घेतला: मुस्तफानगर, एलुरू, राजमहेंद्री, चिकाकोल. गोदावरी-कृष्णेच्या मुखांचा सगळा भातमुलूख फ्रेंच शिपायांच्या पगारासाठी तोडून दिला गेला. दख्खनमधली फ्रेंच सत्ता उभी होती ती या तांदळावर.

१७५८ साली पाँडिचेरीला नवा सेनापती लाली आला. शूर, उतावळा, कुणाचं न ऐकणारा. त्याने बुसीला हैदराबादहून बोलावून घेतलं. किनाऱ्याची जबाबदारी काँफ्लां या कमी वकुबाच्या अधिकाऱ्यावर पडली. विजयनगरमच्या आनंदराजाने फ्रेंचांविरुद्ध उठाव करून इंग्रजांना बोलावलं. बंगालमध्ये प्लासीनंतर वर्षच झालं होतं, तरी क्लाइव्हने धोका पत्करून कर्नल फोर्डला समुद्रमार्गे पाठवलं. गोरे शिपाई पाचशेच्या आत, देशी शिपाई दोन हजारांच्या आसपास.

७ डिसेंबर १७५८. फ्रेंचांना वाटलं, लाल गणवेश दिसतोय ती गोरी पलटण. ते त्यांच्यावर तुटून पडले आणि त्यांना मागे रेटलं. ते होते बंगालचे देशी शिपाई. खरी गोरी पलटण उंच पिकाच्या शेताआड होती. ती बाजूने बाहेर आली आणि विखुरलेल्या फ्रेंचांना तिने कापून काढलं. काँफ्लां घोड्यावरून राजमहेंद्रीकडे पळाला, तिथून मछलीपट्टणच्या किल्ल्यात. फोर्डने मछलीपट्टणला वेढा घातला तेव्हा त्याच्याकडे पैसा संपला होता, शिपाई कुरकुरत होते आणि सलाबतजंग मोठी फौज घेऊन जवळ येऊन ठेपला होता. ७ एप्रिल १७५९च्या रात्री त्याने दलदलीतून आणि दुसऱ्या बाजूंनी एकाच वेळी हल्ला चढवला. सकाळी किल्ला इंग्रजांचा होता. सलाबतजंगाने वारा ओळखला आणि मे महिन्यात इंग्रजांशी तह करून फ्रेंचांना दख्खनमधून घालवण्याचं कबूल केलं.

आता पुढची साखळी बघा. किनाऱ्याचा महसूल गेला. त्या ऑक्टोबरात पगार थकल्याने लालीच्या फ्रेंच पलटणींनी बंड केलं. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला इंग्रज सेनापती आयर कूटसमोर उभी राहिली ती अशी अर्धपोटी फौज. लालीच्या बाजूला मुराररावांचे मराठा स्वार होते, ते लढाईत उतरले नाहीत. फ्रेंचांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, बुसी पकडला गेला. वर्षभराने, १६ जानेवारी १७६१ रोजी, पाँडिचेरी पडली.

त्याच्या दोन दिवस आधी पानिपत झालं होतं.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या अंगावर काटा येतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत हिंदुस्थानात इंग्रजांना अडवू शकतील अशा दोन ताकदी कोसळल्या, एकमेकींना पत्ता नसताना. पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याचा सेनापती इब्राहिमखान गारदी, तो बुसीच्याच हाताखाली घडलेला. फ्रेंचांचं बळ सरलं म्हणून निजाम दुबळा पडला, म्हणून १७६०च्या सुरुवातीला उदगीरला सदाशिवरावभाऊ इतके सहज जिंकले, आणि त्या विजयाच्या भरात उत्तरेला निघाले. चंदुर्तीच्या शेतातून निघालेली एक वाट अशी पानिपतापर्यंत जाते. दुसरी वाट नदीने वर येते: देवगावचा तह, सीताबर्डीची लढाई, चांद्याचं भगदाड, चिंचगुंडीची तार, देवलमारीचे खडक.

फ्रेंच जिंकले असते तर बरं झालं असतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पगारासाठी भातमुलूख लिहून घेणारेही तेच होते आणि यानम त्यांनी १९५४ पर्यंत सोडलं नाही. मला सलतं ते हे की चंदुर्तीच्या त्या शेतात दोन्ही बाजूंनी जे हजारो देशी शिपाई उभे होते, पुढे ढकलले गेले, लाल डगल्यामुळे फसगत होऊन आधी मारले गेले, त्यांच्यापैकी कुणालाही आपण कशाचा फैसला करतोय हे सांगितलेलं नव्हतं. आणि वर या जंगलात, जिथलं पाणी तिकडे जात होतं, तिथे त्याची खबरसुद्धा पोचली नसेल. खबर थेट तोफांच्या रूपाने आली, साठ वर्षांनी.

गंगासिंग आणि बाबुराव यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. ठरलेल्या गोष्टीला त्यांनी ठरलेली मानलं नाही.

दुसऱ्या सकाळी गोदावरीच्या पुलाकडे गेलो. सिरोंच्याच्या बाजूने वाहनांची रांग होती. पिकअपमध्ये दाटीवाटीने बसलेल्या बाया, सोबत भांडी, गाठोडी, तांदळाची पोती, काहींच्या मांडीवर लेकरं. भामरागड, एटापल्ली, चामोर्शीकडच्या. “कुठं निघाल्या, बाई?” मी विचारलं. “तेलंगणात, मिरची तोडाले,” त्यातली एक म्हणाली. धान निघालं की गावात काम उरत नाही, मग महिना-दोन महिने तिकडे. मजुरीत थोडे पैसे, थोडी मिरची. पुरुष आधीच जाऊन झोपड्या उभ्या करतात. पोरांची शाळा बुडते, ते तिने मी न विचारताच सांगितलं, आणि सांगताना मांडीवरच्या पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

खाली मेडीगड्ड्याचा बंधारा बांधताना सिरोंच्याकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पुराच्या पाण्याने उभी पिकं नेली. या बायांना जायचं होतं ते त्याच नदीच्या खालच्या अंगाला, मुलुगू आणि भूपालपल्लीच्या मिरचीच्या वावरांत. मी तिला म्हटलं, मीही तिकडेच चाललोय, राजमहेंद्रीपर्यंत, एक जुनी लढाई झाली ती जागा पाहायला.

“कोन जिंकलं?” तिने विचारलं.

“इंग्रज.”

“आन आपले?”

“आपले दोन्हीकडे होते.”

तिने शेजारणीला ते गोंडीत सांगितलं. दोघी काही तरी बोलल्या, तेवढ्यात रांग सरकली, आणि त्यांच्या मागोमाग माझी गाडीही पुलावर चढली.